न्योकीचा सहावा घाणा: कोडं मिठाच्या पाण्यात सुटलं

न्योकी म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैदा मळून पाण्यात उकळायचे इटालियन तुकडे. माझे पाच घाणे एक तर पाण्यात विरघळले किंवा रबरासारखे झाले. सहावा अखंड वर तरंगला! मैदा तोच, बटाट्याचं पोतंही तेच. फक्त पोत्यातले बटाटे निवडून घेतले आणि पुरणयंत्र बाजूला ठेवलं.

मागच्या नोंदीत संशय मैद्यावर होता, तो चुकीचा ठरला. पाचव्या घाण्यात ५०० ग्रॅम बटाट्याला १९० ग्रॅम मैदा गेला, तरी गोळा हाताला चिकटतच राहिला. एवढ्या मैद्यात न्योकीची वरणफळं होतात. दोष बटाट्यातल्या पाण्याचा. चिकट बटाट्यात स्टार्च कमी, पाणी जास्त. ते आवरायला मैदा वाढतो, मैद्याबरोबर मळणं वाढतं आणि न्योकी वातड होते.

पुण्याच्या गुलटेकडी बाजारातल्या गाळ्यावर बटाट्याची जात विचारली की ‘आग्रा’ नाही तर ‘सातगाव पठार’ असं उत्तर येतं. ही ठिकाणं झाली. आत कुफ्री पुखराज आहे की चिप्सोना, हे कळायला हवं. पुखराज पाणीदार, तर चिप्सोना वेफर्ससाठीच काढलेली, म्हणून पिठूळ. व्यापाऱ्यांनी पोत्यावर जात लिहायलाच हवी.

तोवर ही चाचणी करा. १ लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि धुतलेले कच्चे बटाटे एकेक करून सोडा. बुडाला तो पिठूळ, तरंगला तो चिकट, कारण स्टार्च पाण्यापेक्षा जड. आतून पोकळ असलेला बटाटाही तरंगतो. शंका आली तर कापून बघा. ३ किलोंतले जेमतेम १ किलो १०० ग्रॅम बुडाले. म्हणजे आधीच्या प्रत्येक घाण्यात दोन्ही प्रकारांची भेसळ होती, आणि म्हणूनच मैद्याचं माप कधी जुळलं नाही.

कुकर नको. त्यात साल फुटते आणि पाणी आत शिरतं. साधारण १०० ग्रॅमचे सारख्या आकाराचे बटाटे सालीसकट गार पाण्यात ठेवून मंद उकळीवर ३५ ते ४० मिनिटं शिजवा. सुरी अडखळता कामा नये.

आता पुरणयंत्राबद्दल. ते बटाटा रगडतं. पेशी फुटून शिजलेला स्टार्च बाहेर येतो आणि लगद्याची खळ होते. मिक्सरमध्ये तर हमखास. सोऱ्या सरळ दाबतो, म्हणून कीस मोकळा पडतो. शेवेची सर्वांत मोठ्या भोकांची चकती लावा. तुळशीबागेत मिळणारा पितळी, फिरकीचा सोऱ्याच घ्या; हलक्या ॲल्युमिनियमच्या सोऱ्याचे आटे गरम बटाट्याच्या जोराने घसरतात.

बटाटे गरम असतानाच सोलून परातीत दाबा आणि कीस पसरून ८ मिनिटं वाफ जाऊ द्या. ५०० ग्रॅमचे ४६८ झाले. हे ३२ ग्रॅम पाणी गेलं म्हणूनच १०५ ग्रॅम मैदा पुरला. मीठ ५ ग्रॅम, अंडं नाही. गोळा जमला की हात काढा. अंगठ्याएवढ्या जाड वळ्या, २ सेंटिमीटरचे तुकडे. आधी एकच तुकडा उकळत्या पाण्यात सोडून बघा. कडा विरघळल्या तर १० ग्रॅम मैदा वाढवा. वर आल्यावर २० सेकंदांनी काढा.

तरंगलेले बटाटे रश्श्यासाठी ठेवले होते, पण चिकट बटाटा तर स्विस रोश्तीला, म्हणजे तव्यावर भाजलेल्या बटाट्याच्या किसाच्या जाड पोळीला, हवाच! चार बटाटे सालीसकट २० मिनिटं, जरा कच्चेच उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो आणि जाड किसणीवर कीस मोकळा पडतो. लोखंडी तव्यावर तूप, मंद आच, प्रत्येक बाजूला १२ मिनिटं, उलटताना वर ताटली. भाकरीसारखी अखंड सुटली! उपासाच्या कीसालाही हे करून बघायला हवं.

डाग मात्र लवकर पडले. शीतगृहाच्या थंडीत बटाट्यातली साखर वाढते आणि तव्यावर तीच करपते. ती उतरावी म्हणून उरलेले बटाटे दोन आठवड्यांसाठी टोपलीत, अंधारात, बाहेरच ठेवले आहेत.

पुढचा बेत नॉर्वेच्या लेफ्सेचा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीचा होता. तिलाही पिठूळच बटाटा लागतो आणि बुडालेल्यांतले ६०० ग्रॅमच उरलेत. अर्जेंटिनात दर महिन्याच्या २९ तारखेला न्योकी खातात, तेव्हा सातवा घाणा त्याच दिवशी, ९० ग्रॅम मैद्यावर. लेफ्से नव्या पोत्यानंतर.