रत्नागिरीत भाड्याचे घर

बदलीचा आदेश मे महिन्यात हाती आला आणि रत्नागिरीत घर शोधण्याचे काम भर उन्हात सुरू झाले. मांडवीतले पहिले घर पाहताक्षणी आवडले, कारण खिडकीतून समुद्र दिसत होता. परंतु गजांवरचा गंज बोटांना लागला आणि कपाटामागे ताज्या रंगाखालून ओलीचे डाग डोकावताना दिसले. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे मे महिन्यात रंगवलेल्या भिंतीकडे जरा संशयानेच पाहावे.

कुवारबाव रेल्वे स्थानकाला जवळ, पण मला रोज मारुती मंदिराकडे यायचे असल्याने शेवटी नाचणे रस्त्यावरचे जांभ्या दगडाचे जुने घर घेतले. मेअखेरीस विहिरीला किती पाणी उरते, हे मी मालकांऐवजी शेजारच्या आजींना विचारले होते. करार अकरा महिन्यांचा झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे सांगताना मात्र मला थोडा संकोच वाटला. मालकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली: माडाखाली स्कूटर लावायची नाही.