तुम्ही विचारलंत म्हणून : ‘तुम्ही आमचे फोन ऐकता का?’

रेडिओलहरींवर देखरेख ठेवण्याच्या कामात मी आहे असे सांगितले, की सोसायटीची सभा असो वा लग्नाची पंगत, समोरचा माणूस आवाज थोडा खाली आणून हमखास विचारतो, “म्हणजे तुम्ही आमचे फोन ऐकता का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे; पण एवढ्या एका शब्दाने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून हे काम नेमके कसे चालते ते लिहितो.

फोन कायदेशीरपणे ऐकण्याची व्यवस्था अगदी वेगळी आहे. तिचे नियम वेगळे, तिला सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि ती दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून चालते. देशात कोणती वारंवारता कोणाला द्यायची हे ठरवणारी डब्ल्यूपीसी ही शाखा १९५२ सालची; दिलेल्या वारंवारतेवर खरोखर तोच परवानाधारक आहे का, ठरलेल्या शक्तीने आणि ठरलेल्या रुंदीत आहे का, हे प्रत्यक्ष हवेत तपासण्याचे काम दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचे. मुंबईत बोरिवलीला गोराई रस्त्यावर तिचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतले १७वे कलम तर गोपनीयतेविषयीच आहे.

शिवाय तुमचा फोन आमच्या पडद्यावर जसा दिसतो, त्यात ऐकण्याजोगे काही नसतेच. फोरजीचा सिग्नल म्हणजे ५, १० किंवा २० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा, सपाट माथ्याचा एक पट्टा; त्यात शेकडो लोकांची बोलणी, चित्रफिती आणि पैशांचे व्यवहार सांकेतिक रूपात एकत्र मिसळलेले असतात. सिग्नल ओळखताना आम्ही पाहतो ती त्याची रुंदी, कडा किती तीव्र आहेत ते, तो सलग आहे की तुटक, वारंवारता स्थिर आहे की सरकते आहे, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी तो उगवतो व मावळतो.

याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. विमाने आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आजही एएम पद्धतीने, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त करून, होते. एफएममध्ये, म्हणजे आवाजाप्रमाणे वारंवारता बदलण्याच्या पद्धतीत, दोन सिग्नल एकाच वेळी आले तर बलवान सिग्नल दुबळ्याला पुरता दाबून टाकतो. एएममध्ये दोघांचीही चाहूल लागते, आणि म्हणून कोणी कोणावर बोलत असेल तर ते लगेच कळते. त्यामुळेच परका सिग्नल वैमानिकाच्या कानावर शिट्टीसारखा किंवा गुरगुरीसारखा येतो. अशाच एका गुरगुरीच्या शोधात आम्हांला आढळलेला सिग्नल १३५.६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास होता. तो चार-पाच सेकंद येई, थांबे, पुन्हा येई. प्रत्येक वेळी त्याची वारंवारता किंचित सरके. त्याच्यावर १०० हर्ट्‌झची गुणगुण असे. आणि दुपारी जेवणाच्या वेळेला तो गप्प होई. गुणगुण सांगत होती, की हे यंत्र ५० हर्ट्‌झच्या घरगुती वा कारखान्यातल्या विजेवर चालते आणि त्याचा वीजपुरवठा नीट गाळलेला नाही. जेवणाची सुट्टी सांगत होती, की ते माणसाच्या हाताने चालते. उरलेले कोडे भागाकाराने सुटले : १३५.६ ला ५ ने भागले की २७.१२ येतात, आणि २७.१२ मेगाहर्ट्‌झ ही वारंवारता जगभर औद्योगिक यंत्रांसाठी राखलेली आहे. रेनकोट आणि फाइलींची कव्हरे जोडणारी प्लॅस्टिक वेल्डिंगची यंत्रे तिच्यावर चालतात. यंत्राच्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबलेले प्लॅस्टिक त्या विद्युतमंडलाचाच भाग बनते, त्यामुळे ते तापून मऊ होऊ लागले की वारंवारता सरकते. पाचवी हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपटीवर आपोआप उमटणारा सिग्नल, बाहेर पडू नये म्हणून यंत्राला धातूचे आवरण आणि चांगले अर्थिंग असावे लागते. औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात आवरण काढून ठेवलेले होते. गाळ्याच्या मालकाला आपले यंत्र विमानांच्या पट्ट्यात बोलते आहे याची कल्पनाही नव्हती, आणि ते खरेच असणार असे मला आजही वाटते.

गाळा सापडेपर्यंतचा प्रवास मुंबईत विशेष कठीण असतो. अँटेनाने घेतलेल्या दिशेत दोन अंशांची चूक झाली, तर १० किलोमीटरवर ती सुमारे ३५० मीटर होते, आणि आपल्या शहरात ३५० मीटरांत अख्खी वसाहत मावते. त्यातच शहर दक्षिणोत्तर लांबट असल्यामुळे दहिसरकडून आणि कुलाब्याकडून घेतलेल्या दिशा जवळजवळ समांतर पडतात व त्यांचा छेद स्पष्ट मिळत नाही. तिसरी दिशा खाडीपलीकडून, नवी मुंबईच्या बाजूने घ्यावी लागते. काचेच्या उंच इमारतींवरून परावर्तित होणारे सिग्नल गाडीला भलत्याच गल्लीत नेतात, म्हणून शेवटचे अंतर हातात छोटा अँटेना घेऊन पायीच कापावे लागते. दिशा समुद्राकडे दाखवत असेल, तर आणखी सावध राहावे लागते. उन्हाळ्यात अरबी समुद्रावरच्या हवेच्या थरांत या लहरी अडकून फार दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारवर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत असत. परका सिग्नल दिसला म्हणून शहरातच कोणी गुन्हेगार असतो, असे नाही.

तुमच्या फोनशी आमचा खरा संबंध येतो तो बूस्टरमुळे. घरात रेंज नाही म्हणून गच्चीवर अँटेना आणि खाली एक डबी बसवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच विनापरवाना बिनतारी उपकरण नुसते बाळगणेही गुन्हा आहे, हे विकणारा सांगत नाही. आतला आणि बाहेरचा अँटेना पुरेसे दूर नसतील, तर बूस्टर स्वतःचाच आवाज पुन्हा उचलून अखंड ओरडू लागतो. फोरजी फोन जास्तीत जास्त पंचमांश वॅट शक्तीने बोलतो. तेवढा क्षीण आवाज टिपण्यासाठी बनवलेला टॉवरचा रिसीव्हर त्या गोंगाटात बहिरा होतो आणि आसपासच्या अनेक घरांतले कॉल तुटू लागतात. मग शेजारीही बूस्टर आणतो आणि गोंगाट वाढतो. तक्रार दूरसंचार कंपनीकडून येते. संशयित घरात पोहोचल्यावर डबीची कळ बंद करायची आणि टॉवरवरचा गोंगाट त्याच क्षणी उतरला का, ते कंपनीच्या अभियंत्याला विचारायचे. उतरला असेल तर उपकरण जप्त होते.