परदेशी सीपीएल भारतात वळवताना: लॉगबुकचा पीआयसी रकाना

अमेरिकेत सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) काढून नाशिकला परतलेल्या, आणि आता ते भारतीय लायसन्समध्ये बदलून घेऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "पेपर किती?" हाच असतो. पेपर दोनच: एअर रेग्युलेशन्स, आणि नेव्हिगेशन व मेटिऑरॉलॉजी मिळून एक कॉम्पोझिट म्हणजे एकत्रित पेपर. दोन्हीत ७० टक्के हवेत. रेडिओवर बोलण्याचा परवाना, आरटीआर, वेगळा. अभ्यास केला की हे सुटतं. लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तास कमी पडले तर मात्र पुन्हा विमानाचं भाडं भरून उडण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून हे सगळं तिकडे उडत असतानाच, खरं तर जाण्याआधीच, समजून घ्यायला हवं.

डीजीसीएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाला, सीपीएलसाठी अर्जाआधीच्या ५ वर्षांतले किमान २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड म्हणजे पीआयसी (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून, आणि त्या १०० पैकी १५ शेवटच्या ६ महिन्यांतले.

लॉगबुकमधली एकच ओळ बघा. प्रायव्हेट लायसन्स हातात आलेलं आहे, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलाय, सेसना १७२ वर १.४ तास उड्डाण झालं. विमान तुम्हीच चालवत असाल तर अमेरिकी नियमांनुसार त्या ओळीत 'ड्युअल' (इन्स्ट्रक्टरसोबतचं शिक्षण) १.४ आणि 'पीआयसी' १.४ असं दोन्हीकडे लिहिता येतं. तिकडे ते पूर्ण नियमात बसतं. आपल्याकडे शेजारी शिकवणारा असेल तर ते ड्युअल, पीआयसी नाही. समजा पानाच्या तळाशी पीआयसीची बेरीज १३८ आहे आणि त्यातले ४६ तास असे दुहेरी लिहिलेले आहेत. मग खरे उरतात ९२. आठ तास कमी, आणि हे कळतं फाइल परत आल्यावर.

बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून फक्त उपकरणांवर उडण्याचा सराव करताना, बाहेर लक्ष ठेवायला शेजारी सेफ्टी पायलट बसतो. तिथेही दोघं जण तोच वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतात. तास स्वस्तात वाढवायचा हा मार्ग तिकडे फार लोकप्रिय आहे, पण भारतात परतायचं असेल तर त्या तासांवर विसंबू नका. पहिल्या दिवसापासून 'भारतीय पीआयसी' असा वेगळा रकाना आखा आणि त्यात फक्त सोलो किंवा खरोखर कमांडमध्ये केलेले तास भरा.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणाऱ्या उड्डाणांत, पीआयसी म्हणून २० तास हवेत. त्यात एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप, म्हणजे विमान पूर्ण थांबवून केलेल्या, लँडिंगसह. टच-अँड-गो करून, म्हणजे चाकं टेकवून न थांबता, पुढे गेलात तर तेच अंतर पुन्हा उडावं लागेल. रात्रीचे ५ तास, पीआयसी म्हणून १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग, आणि हेही अर्जाआधीच्या ६ महिन्यांतलं. घरी येऊन आठ-नऊ महिने पेपरांची तयारी करत बसलात तर हे तास शिळे होतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (फक्त उपकरणांवर उडण्याच्या परवानगीसाठी) ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त २०.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेलाच. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि अमेरिकी लायसन्सवर कधी वडिलांचं नाव गळतं. लायसन्स, पासपोर्ट आणि डीजीसीएच्या नोंदीत अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, अगदी स्पेलिंगसकट. कॉम्प्युटर नंबरसाठी, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षार्थी क्रमांकासाठी, बारावीचं, फिजिक्स-मॅथ्स असलेलं, प्रमाणपत्र बोर्डाकडून पडताळून लागतं. नाशिकला विभागीय मंडळ आहे, त्यामुळे ते काम गावातच होतं. परदेशी जाण्याआधीच उरकून टाका.

मेडिकलही, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणीही, तसंच: आधी क्लास २, मग क्लास १, दोन्ही भारतातले. अमेरिकी मेडिकल इथे चालत नाही.

कॉम्पोझिटमध्ये तिकडे शिकलेली मुलं अडतात ती भारतीय हवामानावर. इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला कोरडं, हे नाशिककराला लहानपणापासून ठाऊक असतं. पेपरात त्यालाच ओरोग्राफिक पाऊस आणि पर्जन्यछाया म्हणतात. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात उत्तर भारतात पाऊस आणणारी हवामानप्रणाली) आणि कालबैसाखी (पूर्व भारतातली उन्हाळी वादळं) मात्र नीट वाचावं लागतं. एकक बदलतात तेही लक्षात असू द्या: अल्टिमीटर सेटिंग इंचांऐवजी हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे २९.९२ ऐवजी १०१३; दृश्यता मैलांऐवजी मीटरमध्ये. अमेरिकेत ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिच्यावर गेल्यावर अल्टिमीटर प्रमाण सेटिंगवर लावतात ती उंची) सगळीकडे १८,००० फूट, भारतात ती विमानतळागणिक बदलते. शिवाय उड्डाणाआधी घ्यायचे एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर ही तिकडे कानावरही न आलेली गोष्ट.

परदेशी लायसन्स खरं असल्याची खात्री डीजीसीए ते देणाऱ्या देशाकडून करून घेते. अमेरिकेचं असेल तर ते काम ओक्लाहोमा सिटीतून होतं आणि त्यात आठवडे जातात. पेपरांचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. शेवटची चेकराइड (परीक्षकासोबतचं परीक्षेचं उड्डाण) झाली की लगेच ती विनंती पाठवा, म्हणजे रात्रीच्या लँडिंगची सहा महिन्यांची मुदत त्या वाट पाहण्यात संपणार नाही.