शेवटी कात्री चालवली

आज मनीप्लांटची वेल कापली. तीन आठवडे कात्री हातात घ्यायची आणि परत खणात ठेवायची, असंच चाललं होतं.

कपाटावरून सोडलेली मनीप्लांटची वेल जमिनीला टेकली होती. एवढी लांब वाढवली याचा मला फार आनंद होता. पण कुंडीपाशी पाहिलं की जीव कळवळायचा. वरचा दीड हात खोड उघडंबोडकं, पानं सगळी खाली शेंड्याकडे. दोष माझाच. रोज थोडं थोडं पाणी घालत राहिले, माती वाळूच दिली नाही. पानं पिवळी पडून माना टाकू लागली तेव्हा वाटलं, तहानली असेल, आणखी पाणी. कुंडी उपडी केली तर मुळं तपकिरी, चिमटीत धरताच साल निसटत होती. चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. पाण्यात उभी राहून ती तहानलेली होती, हे मला आजही लागतं. आता बोट दोन पेरं मातीत खुपसते. कोरडं लागलं तरच पाणी.

वेल वाचली, पण गळलेली पानं काही त्या जागी परत आली नाहीत. पुढे शेंडा जोमात वाढत असला की मागचे डोळे, म्हणजे खोडावरचे न फुटलेले कोंब, निजूनच राहतात. शेंडा काढला, तर त्यांना जाग येते. हे ठाऊक असूनही हात धजत नव्हता.

परवा वाचलं आणि मन वळलं. ही मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तिच्यात पुरेसं तयारच होत नाही, असं 2016 साली संशोधकांनी दाखवलं. म्हणजे घरात फूल नाही, बी नाही. आजवर ती जगभर गेली ती तुकड्यातुकड्यांनीच. कुणीतरी कापत गेलं, म्हणून माझ्यापर्यंत पोचली.

मग कापली. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर (पान फुटतं तो खोडावरचा सांधा), त्यावरचं तपकिरी हवाई मूळ पाण्यात बुडेल असं. (नुसतं पान देठासकट ठेवलं तर मुळं फुटतात, पण वेल कधीच होत नाही, पेर हवंच.) सहा बाटल्या झाल्या. खिडकीजवळ ठेवल्यात, थेट उन्हात नाही. उजेड कमी पडला की पानांवरची पिवळी नक्षी हरवते. चीक मनगटाला लागून खाज सुटली, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हात दोनदा धुतले.

कुंडीत आता नुसतं बोडकं खोड उरलंय. बघवत नाही, तरी सारखी तिकडेच जाते. मातीपासून तिसऱ्या पेरापाशी किंचित फुगीर दिसतंय. कालही होतं का ते? उद्या सकाळी उजेडात भिंग घेऊन बघेन.