मे महिन्यात मुलांना घेऊन वेरूळ: अकराच्या आत बाहेर

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळांना सुट्टीही नेमकी तेव्हाच असते. म्हणून वेरूळला जायचं तर एक गोष्ट आधी पक्की करावी: दिवस उगवायला लेण्यांच्या दारात आणि अकराच्या आत बाहेर. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी दर्शनी भागावर डोंगराचीच सावली असते. दुपार कलली की ऊन थेट समोरून आत शिरतं आणि कातळ तव्यासारखा तापतो. आधी घृष्णेश्वराचं दर्शन, मग जेवण आणि मग लेणी, असा बेत बरेच जण आखतात. पोरं रडकुंडीला येतात ती त्यामुळंच.

लेणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असतात, मंगळवारी बंद. अजिंठा सोमवारी बंद असतं. या दोन वारांची गल्लत फार होते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. छत्रपती संभाजीनगरहून अंतर साधारण ३० किलोमीटर आहे, कन्नडकडे जाणारी एसटी वेरूळला थांबते. शनिवार टाळलेला बरा, खुलताबादच्या भद्रा मारुतीला त्या दिवशी गर्दी असते.

डबा आदल्या रात्रीच ठरवा. धपाट्यांना तोड नाही: तीन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी बेसन, एक वाटी कणीक, तीळ, ओवा, लसूण, मिरची, हळद, मीठ. प्रवासाच्या धपाट्यात कांदा घालू नका, त्याला पाणी सुटतं आणि उन्हात पीठ आंबूस लागतं. दुसरी चूक म्हणजे गरम धपाटे तसेच डब्यात कोंबणं. आत वाफ धरते आणि खालचे लगदा होतात. पूर्ण गार करून सुती फडक्यात गुंडाळा. सोबत शेंगदाण्याची चटणी. दही न्यायचं तर घट्ट न्या, मीठ खाताना घाला. पाणी मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला दीड. खाणं लेण्यांच्या आवारात उघडू नका. वानरांना पिशवीचा आवाज कळतो आणि ती लहान मुलाच्याच हातावर झडप घालतात.

३४ लेणी एका सकाळी दाखवायचा हट्ट धरू नका. मुलांसाठी तीन पुरेत, आणि सुरुवात १६ नंबरच्या कैलासापासून. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. आत नेण्याआधी बाजूच्या पायवाटेनं वर चढवा आणि कळस वरून दाखवा. डोंगर माथ्यापासून खाली कोरत आणला, म्हणजे पाया शेवटी आला, हे पुस्तकातून समजत नाही. वरून बघितलं की सात वर्षांच्या पोरालाही समजतं. कड्याच्या बाजूला मात्र मुलाचा हात सोडायचा नाही.

खाली अंगणात उतरल्यावर इतिहास सांगत बसू नका, शोधायला लावा. आत गेल्यावर उजव्या हाताला दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, डाव्या हाताला महाभारत. दक्षिणेलाच खाली रावण कैलास हलवतोय. त्याचे हात पंख्यासारखे पसरलेत, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय आणि शंकर निवांत बसलाय. इथं पोरं थांबतात, त्यांना थांबू द्या. मंदिर पाठीवर पेलणारे हत्ती मोजायला सांगा, सोंड शाबूत असलेले वेगळे. वर जाताना चप्पल काढावी लागते, म्हणून मोजे घालूनच आणा.

मग १० नंबर, सुताराचं झोपडं. दगडात लाकडी वासे कोरल्यासारखं छत आहे आणि आवाज घुमतो. हळू 'ओम' म्हणायला लावलं तरी मुलं हरखतात. नंतर १२ नंबरचं तीन ताल. जिने उंच आणि आत अंधार, त्यामुळे विजेरी हवीच, आणि चार वर्षांखालच्याला कडेवर घ्या. वरच्या मजल्यावर ओळीनं बसलेले सात बुद्ध आहेत. ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तरेला दूर पडतात. मुलं ताजीतवानी असतील तरच वाहनानं जा. ३२ नंबरची इंद्रसभा बघण्याजोगी आहे.

कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथं आरडाओरडा, अत्तर, धूर काही नको.

अकरानंतर सावलीत डबा, मग घृष्णेश्वर. पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, मुलाला आधीच सांगून ठेवा. सोमवारी रांग लांब असते.

देवगिरी त्याच दिवशी उरकायचा मोह मे महिन्यात आवरा. शेकडो पायऱ्यांची चढण आहे, अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं आहेत आणि दुपारी ते मुलांच्या आवाक्यातलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र बेत उलटा करा: सकाळी गारव्यात किल्ला, दुपारी लेणी. तेव्हा उतरतं ऊन कैलासाच्या दर्शनी भागावर पडतं आणि फोटोही तेव्हाच चांगले येतात.