तुम्ही विचारलंत म्हणून: काही सापडलं तर काम बंद पडतं ना?

रस्ता, रेल्वे, विमानतळ असं एखादं सरकारी काम सुरू होण्याआधी त्या जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी करणं हा माझा पेशा. हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘काही सापडलं तर काम बंद पडतं ना?’ साइटवरचा इंजिनिअर धास्तावून विचारतो. ज्याची जमीन जाणार आहे तो शेतकरी आशेनं विचारतो: ‘मॅडम, काय घावलं तर आमचं रान वाचंल का ओ?’ दोघांनाही मी एकच उत्तर देते. ते बांधावर उभं राहून पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी सापडलं तर काम सहसा बंद पडत नाही. उशिरा सापडलं तर पडतं.

आखणी कागदावर असते तोवर ती थोडी सरकवता येते, एखाद्या पुलाचा खांब अलीकडे घेता येतो, निदान त्या जागेचं नीट उत्खनन करायला दोन-तीन महिने वेळापत्रकात बसवता येतात. एकदा भूसंपादन झालं, मोबदले वाटले, ठेकेदाराची यंत्रं उतरली, की प्रत्येक दिवसाला पैसे मोजावे लागतात. अशा वेळी खड्ड्यात काही दिसलं तर सगळेच अडकतात. मग एक तर काम थांबतं, नाही तर रात्रीतून खड्डा बुजतो. दुसरी गोष्ट जास्त वेळा होते असं माझं मत आहे, आणि त्याचा राग मी लपवत नाही.

शेतकऱ्याला मात्र खरं ते सांगावं लागतं. आखणी सरकली तर तुमचं रान वाचेल आणि शेजाऱ्याचं जाईल. आणि जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झाली, तर तिच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही, असं २०१० ची कायदादुरुस्ती सांगते. नांगराला लागलेली मूर्ती लोक गुपचूप विहिरीत का सोडतात, हे त्यामुळे मला कळतं. त्यांना दोष देऊन भागत नाही.

आता पाहणी म्हणजे काय. अर्धी पाहणी टेबलावरच होते. जुने सर्व्हे नकाशे, १८८५ सालचं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, पेशवे दफ्तरातले कागद, उपग्रहाची चित्रं. मग गावात जायचं आणि पारावर बसायचं. पांढरीचं टेकाड कुठं आहे, नांगराला खापरं कुठं लागतात, देवळापुढचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड, मूळ कुठं उभे होते, हे गुराख्यांना आणि म्हाताऱ्या बायांना आमच्या नकाशांपेक्षा जास्त ठाऊक असतं. एका गावात एका आजीबाईंनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं आणि आमची निम्मी पायपीट वाचली.

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जमीन. चुलींची राख, शेण आणि पडलेल्या मातीच्या भिंती शेकडो वर्षं साठत गेल्यावर ती माती भुरकट आणि भुसभुशीत होते. पिकाला चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती गाड्या भरभरून शेतात नेली. आता जेसीबी लावून सपाटीकरण होतं आणि आख्खं टेकाड आठवड्यात नाहीसं होतं. सरकारी प्रकल्पांवर आपण बोलतो, पण माझ्या पाहण्यात उसासाठी झालेल्या सपाटीकरणानेही कमी नुकसान केलेलं नाही.

त्यानंतर चालायचं. ठरावीक अंतर ठेवून एका ओळीत, नजर जमिनीवर. पीक निघून रान नांगरून पडलेलं असलं की उत्तम. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या असल्या तर त्याहून उत्तम, कारण धूळ बसते आणि खापराचा रंग उठून दिसतो. उभ्या उसात काही दिसत नाही. ओढ्याची तुटलेली कड मात्र कधी सोडायची नाही, तिथे पाण्याने आपल्यासाठी थर उघडे करून ठेवलेले असतात. जिथे खापरं दाट मिळतात तिथे चाचणी खड्डा घ्यायचा, मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद, आणि इंचाइंचाने खाली जायचं. ‘ते मशीन फिरवलं की खालचं सगळं दिसतं ना?’ असंही विचारतात. जमिनीत लहरी सोडणारं यंत्र आहे, पण आपल्या चिकण काळ्या मातीत, त्यातून ती ओली असली तर, त्या लहरी फार खोल पोचत नाहीत. पायांना आणि डोळ्यांना अजून पर्याय नाही.

एवढं करून मिळतं काय? बहुतेक वेळा खापरं, राख, दगडाच्या छिलक्या, बांगडीचे तुकडे. पेट्या, मोहरा, गुप्तधन यांच्या कथा गावोगाव ऐकायला मिळतात. पण खापरांतून काय उभं राहतं ते पाहायचं असेल तर पुण्याहून फार लांब जावं लागत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ तिथे शेतकरी नांदत होते. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. आधीची घरं चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या टप्प्यातली गोल आणि लहान, झोपड्यांसारखी. त्यावरून आणि बाकीच्या पुराव्यावरून अभ्यासकांनी मांडलं की पाऊसमान घटलं, शेती आटली आणि लोक गुरांमागे फिरू लागले. पाण्याचा पाट आणि बांध सापडला, धान्याचं कोठार सापडलं. लहान मूल दगावलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत, हेही तिथेच कळलं. तीन हजार वर्षांपूर्वीची आई आपल्या मुलाला घराबाहेर जाऊ देत नव्हती, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं. पुरातत्त्वात असं वाटणं पुरावा ठरत नाही, तरी ते वाटतंच.

हे सगळं कळलं ते सारवलेल्या जमिनीच्या थरांवरून, खांबांच्या खड्ड्यांवरून, जळक्या दाण्यांवरून. चौकोनी घर खाली आणि गोल घर वर, हा क्रम जागेवर दिसला म्हणून काळाची गोष्ट कळली. पोकलेनच्या एका बकेटमध्ये हे दोन्ही थर एकत्र उचलले जातात. मग ढिगातून ते खापर कुणी वेचून कपाटात ठेवलं तरी ते फक्त खापर उरतं. म्हणूनच ‘काम करताना काही दिसलं तर कळवू की’ हे आश्वासन मला पुरेसं वाटत नाही. दिसतं तेव्हा ते कापलेलं असतं.

पुणे शहरात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा, कारण इथे वस्तीवर वस्ती आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ आणि ७६८ सालच्या ताम्रपटांत पुण्यविषय, पुनकविषय (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा) असे या प्रदेशाचे उल्लेख येतात. जंगली महाराज रस्त्याला लागून असलेलं पाताळेश्वराचं लेणं त्याच शतकाच्या आसपासचं. ‘पुणं म्हणजे पेशवे’ या समजुतीच्या कितीतरी खाली जमीन जाते.

भुयारी मेट्रोने जुनं पुणं पोखरलं, असं लोक म्हणतात. बोगद्यापुरतं ते खरं नाही. बोगदा जातो काळ्या पाषाणातून, साधारण वीस-पंचवीस मीटर खालून, आणि माणसाच्या वस्तीचे थर असतात वरच्या काही मीटरमध्ये. खरा प्रश्न स्थानकांचा. कसबा, मंडई, स्वारगेट इथे स्थानकांसाठी थेट वरून खाली खड्डे घ्यावे लागतात आणि ते वाटेतले सगळे थर कापत जातात. जिन्यांच्या, हवेच्या वाटांच्या जागाही तशाच. ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते म्हणजे ड्रेनेज, केबल, जलवाहिनी यांचे चर. दीड-दोन मीटर खोलीचा चर नेमका त्या नाजूक पट्ट्यातून जातो, आणि पेठांमधले रस्ते किती वेळा खणले जातात ते पुणेकरांना मी काय सांगावं. मला निवड करायला सांगितली तर मी आधी त्या चरांवर माणूस उभा करीन.

२०१९ साली स्वारगेटला मेट्रोसाठी खोदताना जुना भुयारी मार्ग लागला होता, तेव्हा शहरभर चर्चा झाली. शहराच्या जुन्या पाणीव्यवस्थेशी त्याचा संबंध जोडला गेला. त्या निमित्ताने पाण्याच्या वाटांकडे लोकांचं लक्ष गेलं हे चांगलंच झालं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला गेला. दगड-विटांचं बांधकाम, जागोजाग हवेसाठी उच्छ्वास, आणि पेठांमधल्या हौदांत पडणारं पाणी. आता स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. नळ आणि मेट्रो, दोन्ही कात्रजहून शहराकडे येणाऱ्या एकाच उतारावर. नळ कुठून जातो, कुठे शाबूत आहे, कुठे इमारतींच्या पायात गेला, याची जागोजाग मोजणी आधी व्हायला हवी. ते अवघड काम नाही. उच्छ्वास जमिनीवर दिसतात, तेच खुणा म्हणून पुरतात.

कायदा काय म्हणतो, हेही विचारतात. घोषित स्मारकांभोवती कायदा स्पष्ट आहे, वर सांगितला तो. पण जिथे काहीच घोषित नाही, अशा जमिनीत प्रत्येक मोठ्या कामाआधी पुरातत्त्वाची पाहणी कराच, असं सरसकट बंधन आपल्याकडे नाही. जमिनीत अचानक काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. तो कायदा धनासाठी केलेला. राखेच्या थराची किंमत रुपयांत किती लावायची? इनामगावातल्या बहुतेक गोष्टी त्या दहा रुपयांच्या चाळणीतून खाली पडल्या असत्या.

आपल्याकडे हे जमणार नाही, परदेशात चालतं, असं कुणी म्हटलं की मी नागार्जुनकोंडा सांगते. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण व्हायचं ठरलं, तेव्हा बुडणाऱ्या खोऱ्यात १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं उत्खनन झालं. अश्मयुगापासून इक्ष्वाकू राजांच्या राजधानीपर्यंतचा इतिहास नोंदला गेला, कित्येक वास्तू उचलून उंचावर नेऊन पुन्हा मांडल्या. धरणही झालं. त्या वेळी देशाकडे आजच्या मानाने पैसा किती होता? इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीतच पाहणीचा विचार होतो आणि खर्च बांधणारा उचलतो. लंडनच्या क्रॉसरेल या भुयारी रेल्वेसाठी लिव्हरपूल स्ट्रीटला तीन हजारांहून जास्त सांगाडे नीट उत्खनन करून काढले, आणि काहींच्या दातांतून १६६५ च्या प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला.

उजनीच्या फुगवट्यात गेलेलं पळसदेवचं मंदिर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. उन्हाळ्यात पाणी हटलं की ते वर येतं आणि लोक फोटोंसाठी गर्दी करतात. शिखर वाचलं कारण बांधकाम पक्कं होतं आणि उंच होतं. भीमाकाठच्या मातीच्या घरांना ती सोय नव्हती.

पुण्याभोवतीचा रिंग रोड, पुरंदरचा विमानतळ, ही कामं होणार आहेत आणि ती होऊ नयेत असं मी म्हणत नाही. मीही याच रस्त्यांवरून गाडी चालवते. माझं म्हणणं एवढंच की पाहणी आखणीच्या वेळी व्हावी, पिकं निघाल्यानंतरच्या महिन्यांत व्हावी, आणि तिचा अहवाल मराठीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवावा. ज्यांच्या पांढरीवर आम्ही खापरं वेचतो त्यांना तो कधी दिसत नाही, इंग्रजीत लिहिलेला कुठल्या तरी फायलीत पडून राहतो. त्या आजीबाईंच्या गावाचा अहवालही त्यांच्या गावात नाही.

आणि तुमच्याच वाड्याच्या पुनर्विकासात किंवा शेततळं खणताना काही दिसलं तर: वस्तू उपटून धुऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून आहे त्या जागी फोटो काढा, खड्ड्याची उभी कडही फोटोत येऊ द्या. किती खोलीवर दिसलं ते लिहून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागातल्या कुणाला तरी फोटो दाखवा. काढलेली माती ट्रकमध्ये भरण्याआधी.