मधल्या सुट्टीतलं मैदान

आज पालकसभेसाठी लेकीच्या शाळेत गेले होते. मधली सुट्टी झाली आणि मैदानाकडे बघतच राहिले. मोठ्या मुलांनी फुटबॉलसाठी सगळी जागा अडवलेली, बाकीची पोरं भिंतीला टेकून उभी. कोपऱ्यात मात्र कुणीतरी फरशीवर खडूने ठिकरीचे चौकोन आखले होते, तिथे उड्या मारायला ही रांग! नुसत्या रेघा आखल्या तरी मुलं हलतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. आणि इथे पीटीचा तास गणिताला जातो, दंगा केला की शिक्षा म्हणून खेळच बंद! मला हे अजिबात पटत नाही. वर्गशिक्षिकांना तसं स्पष्ट सांगितलं. मैदानाचे भाग पाडून वेगवेगळे खेळ ठेवण्याबद्दल त्या मुख्याध्यापकांशी बोलणार आहेत.